शिकाऊची लाल पाटी

रक्तपेढीच्या मागे पत्र्याची एक शेड होती. तिथली दहा-बारा माणसं मोटारसायकल चालवून पोट भरत होती, आणि त्यांच्यातल्या एकालाही मोटारसायकल चालवता येत नव्हती. निदान त्यांच्या तोंडून ऐकणाऱ्याला तरी असंच वाटलं असतं. रक्ताच्या पिशव्या थंड पेटीत घालून शहरातल्या दवाखान्यांत पोचवायच्या, घाट चढून वरच्या इस्पितळात न्यायच्या, हे त्यांचं काम. आणि संध्याकाळी शेडमध्ये बसून आपल्याला काही म्हणजे काही येत नाही हे एकमेकांना पटवून द्यायचं, ही त्यांची करमणूक.

"काल घाटात माझी पाचावर धारण बसली होती, देवाचं नाव घेऊन वळण घेतलं," असं कुणी म्हणालं, की समजायचं, या पठ्ठ्यानं वळणावर ब्रेकला बोटही लावलेलं नाही. "माझी कसली गाडी, ढकलत ढकलत आणली," म्हणजे सगळ्यांच्या आधी पोचला. "आपल्याला काय येतंय, अजून शिकतोय," हे तर तिथं नमस्कारासारखं होतं, येता-जाता सगळेच म्हणत. ऐकणारे हसायचे, पाठीत थाप मारायचे, आणि बोलणाऱ्याची किंमत आणखी थोडी वाढायची.

ही शिस्त लावली होती उस्तादांनी. उस्ताद म्हणजे तिथले सगळ्यात जुने, तुकडीचे प्रमुख. त्यांचा नियम असा, की ज्यानं स्वतःच्या तोंडानं स्वतःचं कौतुक केलं, त्यानं रविवारी येऊन सगळ्यांच्या गाड्या धुवायच्या. "उथळ पाण्याला खळखळाट फार," ते म्हणायचे. "माणसाचं तोंड बघू नका, टायर बघा. टायर खोटं बोलत नाही."

उस्तादांची आणखी एक पद्धत होती. नव्यानं गाडी शिकणारा गाडीला लाल पाटी लावतो, आणि परवाना हातात पडला की ती उपटून फेकतो. या शेडमध्ये उलटी गंगा वाहायची. एखादा घाटात पुरता मुरला अशी उस्तादांची खात्री पटली, की ते सगळ्यांसमोर त्याच्या गाडीच्या मागच्या मडगार्डवर शिकाऊची लाल पाटी चिकटवायचे. त्या पाटीपुढे पदकबिदक झक मारतं. रस्त्यावरचे लोक पाटी बघून हॉर्न मारत, "बाजूला हो रे, शिकून ये आधी," म्हणून ओरडत, आणि शेडमधल्यांना त्यातच मजा वाटे. सध्या असली पाटी एकाच गाडीवर होती, आणि तिच्या मालकाला सगळे शिकाऊ म्हणूनच हाक मारत.

या सगळ्या बाप्यांत बाई एकच होती. तिला म्हणत कासव. हे नाव दुसऱ्या कुणी ठेवलं नव्हतं, तिनंच ठेवलं होतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी ती सगळ्यात शेवटी परतली, कारण वाटेत पुढच्या एकाच्या पेटीचा पट्टा सुटून लोंबताना तिला दिसला, त्याला थांबवून तिनं तो नीट आवळून दिला, आणि तो मात्र पुढे निघून गेला. शेडमध्ये सगळे विचारायला लागले, का गं उशीर? पट्ट्याची गोष्ट सांगणं म्हणजे दुसऱ्याचं नाक कापणं आणि आपलं वर करणं. म्हणून ती हसून म्हणाली, "मी आपली कासव." झालं. त्या दिवसापासून आजतागायत ती कासव. ज्याचा पट्टा आवळला होता, तोही तिला कासवच म्हणे.

हे वळण तिला घरातूनच लागलं होतं. तिचे बाबा आयुष्यभर टपालाची गाडी चालवत होते. त्यांनी तिला नदीकाठच्या खडीत गाडी शिकवली. मागच्या सीटवर पाण्यानं काठोकाठ भरलेलं पातेलं बांधायचे आणि म्हणायचे, "जा, पुलापर्यंत जाऊन ये. पाणी सांडलं तर परत." महिनोन् महिने तिचा पाठचा कपडा ओलाच असायचा. मग एक दिवस तो कोरडा राहिला. बाबांनी पातेलं उतरवलं, आत बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "कुणाला सांगत बसू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलं काम बोलतं." तिनं मूठ झाकली ती झाकलीच. आत काय आहे ते उघडून बघावं असं शेडमध्ये कधी कुणाला वाटलं नाही. सगळे धरून चालले की मूठ रिकामी आहे.

तिला शहरातल्या आतल्या फेऱ्या देत. प्रसूतिगृह, दाताचा दवाखाना, म्हाताऱ्यांचा आश्रम. "कासवाला जवळचं द्या रे, बिचारीला," असं प्रेमानं म्हणत, आणि ते प्रेम खरंच होतं, हीच तर पंचाईत. शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. घाट मात्र तिला आजवर मिळाला नव्हता, आणि तिला हवा होता तो घाटच. रस्त्यानं जाताना ती घाटाकडे बघायची तेव्हा तिच्या हातांना खाज सुटे.

मग उस्तादांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितलं, आणि त्यांची गाडी शेडच्या कोपऱ्यात उभी राहिली. नवा प्रमुख नेमायची वेळ आली. प्रमुख म्हणजे कोणी कुठे जायचं, धुक्यात गाडी काढायची की नाही, हे ठरवणार तो, आणि घाटाची पहिली गाडी त्याची. कासवाला वाटलं, आता तरी. इतकी वर्षं तिच्या पेटीतली एक पिशवी कधी खराब निघाली नव्हती, गाडी एकदाही आडवी झाली नव्हती. हाताच्या कांकणाला आरसा कशाला?

निवड करणार होत्या मॅनेजरबाई. त्या नव्या होत्या, सरळ होत्या. त्यांना मोटारसायकलीतलं काही कळत नव्हतं आणि तसं त्या कबूलही करत. एकेकाला त्यांनी खोलीत बोलावलं. सल्ला द्यायला शेजारच्या खुर्चीवर उस्ताद, गुडघ्यांवर हात ठेवून.

कासवाच्या आधी शिकाऊ आत होता. भिंत म्हणजे नुसता प्लायवूडचा पडदा, बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"घाट जमेल तुम्हाला? प्रमुख म्हणून?"

"कसलं काय मॅडम. मला कुठं चालवता येते? गाडीच मला घेऊन जाते. अजून शिकतोय."

उस्ताद खो खो हसले. "मॅडम, याच्या बोलण्यावर जाऊ नका. हा असाच आहे. याच्या गाडीवरची पाटी बघितलीत ना? ती मी लावलीय."

मॅनेजरबाईही हसल्या. "अस्सं होय!"

मग कासव आत गेली. तोच प्रश्न. तिनं पदराला हात पुसतात तसे जॅकेटला हात पुसले आणि म्हणाली, "बघते मॅडम. प्रयत्न करीन. मला काय, फारसं येत नाही."

आणि ती थांबली. शेडमध्ये या वाक्यानंतर कुणीतरी हसतं. तेवढी जागा तिनं सोडली. उस्ताद हसले नाहीत. ते खिडकीबाहेर बघत होते, नाहीतर गुडघा दुखत असेल. मॅनेजरबाईंनी मान हलवली आणि मनापासून म्हणाल्या, "तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत, बरं वाटलं. असं कुणी सांगत नाही." कासव "थँक्यू मॅडम" म्हणून बाहेर आली. एका हसण्याचा प्रश्न होता, फक्त एका. ते हसणं उस्तादांनी शिकाऊवर खर्च केलं होतं.

निकाल लागायच्या आधी एका दुपारी वरच्या इस्पितळातून फोन आला. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, रक्त तातडीनं हवं होतं. घाटात कायम दोन गाड्या जायच्या, दोघांच्या पेटीत निम्म्या निम्म्या पिशव्या, म्हणजे एक पडली तरी दुसरी पोचते. शिकाऊ तयार होता. त्याचा नेहमीचा जोडीदार तापानं झोपलेला, बाकीचे फेऱ्यांवर. शेडमध्ये कासव एकटीच चेन साफ करत बसली होती.

"चल कासव," शिकाऊ म्हणाला. "माझ्या मागे मागे ये. घाबरू नकोस, मी हळू घेतो."

"हो," ती म्हणाली.

अर्ध्या घाटापर्यंत तो पुढे होता आणि चांगला चालवत होता, हे मान्य केलं पाहिजे. शिकाऊ काही लेचापेचा नव्हता. कोरड्या रस्त्यावर, स्वच्छ उन्हात त्याची गाडी बघत राहावी अशी चाले. पण वर चढता चढता धुकं उतरलं, आणि असं उतरलं की भर दुपारी पुढच्या चाकापलीकडचं दिसेना. त्यात दरड कोसळून गेलेला भाग लागला. रस्ता म्हणजे नुसती सैल खडी, एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला काहीच नाही. शिकाऊची गाडी एकदा घसरली, सावरली, पुन्हा घसरली. मग ती थांबली. त्यानं दोन्ही पाय जमिनीला टेकवले.

कासव शेजारी येऊन उभी राहिली. त्यानं हेल्मेटची काच वर केली. तोंड पांढरं पडलं होतं.

"मला जमत नाहीये," तो म्हणाला.

हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. पण आज त्यात नेहमीचा सूर नव्हता. मागे हसायला कुणी नको होतं त्याला. ती हसली नाही.

"पेटी नीट आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे. पण मी पुढे नाही जाऊ शकत. दिसतच नाही काही. आपण थांबू."

"ती बाई थांबणार नाही. मी पुढे होते. माझा मागचा दिवा सोडू नकोस. पुढचा ब्रेक विसरून जा. दुसऱ्या गिअरवर राहा, आणि घसरली तर घसरू दे, हँडल आवळून धरू नकोस. तिची ती सरळ होते."

आणि ती निघाली. दिसत तिलाही नव्हतं. पण डोंगर जवळ आला की इंजिनाचा आवाज परत येतो, लांब गेला की विरून जातो. एवढ्यावर ती डावी-उजवी ठरवत होती. खडी चाकाखालून सरकत होती तेव्हा तिला नदीकाठ आठवला आणि पाठ आपोआप सैल सुटली. मागच्या पेटीत रक्त होतं, पण तिच्या लेखी ते पातेलंच होतं. वळण आलं की ती दिवा दोनदा मिचकावायची, म्हणजे मागच्याला कळावं. खरं सांगायचं तर ती सुखात होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातांना त्यांच्या लायकीचं काम मिळालं होतं.

इस्पितळाच्या दारात नर्सनं दोन्ही पेट्या हिसकावल्यासारख्या घेतल्या आणि आत पळाली. बाई वाचली, हे त्यांना थोड्या वेळानं एका आयाकडून कळलं. व्हरांड्यात दोघं चहा पीत बसले. शिकाऊच्या हातातला कप बशीवर वाजत होता.

"आज तू होतीस म्हणून," तो म्हणाला. "नाहीतर मी तिथंच बसलो असतो."

तेव्हा तिनं नुसतं "हो" म्हणायला हवं होतं. एक अक्षर. पण जिभेला वळण पडलेलं असतं.

"मी काय केलं? गाडीच गेली आपली आपण," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला, आणि कप वाजायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गर्दी. वरून फोन आला होता, एवढ्या धुक्यात गाड्या आल्या कशा म्हणून तिथले डॉक्टर चकित झाले होते. सगळे शिकाऊभोवती गोळा झाले. उस्ताद खुर्ची ओढून बसले. मॅनेजरबाई दारात उभ्या.

"सांग रे, कसं काय केलंस?"

आणि शिकाऊनं खरं सांगितलं. त्याच्यावर कुणी खोटेपणाचा आळ घेऊ नये. अगदी खरं सांगितलं. "मी काय केलं? मी तर दरडीपाशी थांबलो होतो. कासव पुढे गेली. मी नुसता तिच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत गेलो."

शेड हसण्यानं दणाणली.

"कासवाच्या मागे! आता तर हद्द झाली!"

"अहो, खरंच," शिकाऊ म्हणाला. "तिनं नेलं मला."

"बघा, बघा मॅडम," उस्ताद डोळे पुसत म्हणाले. "याला म्हणतात मोठेपणा. स्वतः जिवावर उदार होऊन गेला, आणि श्रेय कुणाला देतोय तर त्या पोरीला. माणूस असावा तर असा."

शिकाऊनं तिसऱ्यांदा सांगितलं. "देवाशपथ, मला एकट्याला जमलंच नसतं." पण तिसऱ्या वेळी त्याचा आवाज बदलला होता. त्याला सूर सापडला होता. मान थोडी खाली, ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू, हात झटकून टाकल्यासारखा. कासवाला तो बदल लख्ख ऐकू आला. जितकं खरं बोलावं तितका माणूस मोठा होतो, हे त्याला त्या दोन मिनिटांत उमगलं होतं. फुकटचा मोठेपणा कुणाला नको असतो?

कुणीतरी तिच्याकडे वळून म्हणालं, "काय गं कासव? हा म्हणतो ते खरं का?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मॅनेजरबाईंनीही. "हो" अगदी ओठांवर आलं होतं. पण दहा-बारा बाप्ये हसऱ्या तोंडानं बघत असताना "हो, मी याला घेऊन गेले" म्हणायचं? तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"छे, कसलं काय," ती म्हणाली. "मी आपली हळूहळू..."

"बरोबर," उस्ताद म्हणाले. त्यांनी तिचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. तिचं मात्र सगळ्यांना लगेच पटलं.

संध्याकाळी बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. आताशा त्यांना काठीशिवाय चालता येत नसे. तिनं बूट काढले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"जाऊ दे पोरी," ते म्हणाले. "आपलं काम बोलतं."

"नाही बोलत, बाबा." तिचा आवाज चढला. बापापुढे तिचा आवाज कधी चढला नव्हता. "तुमचं बोलत असेल. तुम्ही म्हणायचात, 'मला काही येत नाही,' की लोक हसायचे. मी म्हणते तेव्हा लोक मान डोलवतात. वाक्य तेच आहे. तुमचंच आहे, तुम्हीच दिलंय मला."

बाबा काठीची मूठ अंगठ्यानं घासत राहिले.

"मला कधी सांगावं लागलं नाही," ते म्हणाले. "ते सांगावं लागतं, हेच मला कधी कळलं नाही."

"उद्या सांगते मी."

"तोंडानं?" बाबा दचकले. मग त्यांनी मान खाली घातली. "सांग. लाज वाटेल. पण सांग."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंनी सगळ्यांना शेडमध्ये जमवलं आणि नवा प्रमुख म्हणून शिकाऊचं नाव जाहीर केलं. टाळ्या झाल्या. शिकाऊ मान हलवत म्हणाला, "अहो, माझ्या गळ्यात कशाला? मला कुठं काय येतं?" टाळ्या वाढल्या.

टाळ्या थांबल्यावर कासव म्हणाली, "मॅडम, मला बोलायचंय."

ती दोन पावलं पुढे आली. "परवा घाटात मी पुढे होते. हा थांबला होता, त्याला जमत नव्हतं. दोन्ही पेट्या माझ्यामुळे पोचल्या. मला याच्यापेक्षा चांगली गाडी चालवता येते. या शेडमधल्या सगळ्यांपेक्षा चांगली येते. हे पद मला मिळायला हवं."

शेडमध्ये असं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. कुणीतरी घसा खाकरला. एकजण पुटपुटला, "गर्वाचं घर खाली," आणि दुसरा म्हणाला, "बिचाऱ्यानं कौतुक काय केलं, हिला खरंच वाटलं." मग सगळ्यांनी शिकाऊकडे बघितलं. कासवानंही बघितलं. त्याच्या एका साध्या वाक्यानं काम झालं असतं. पण ते साधं असायला हवं होतं, धुक्यात काच वर करून बोलला होता तसं.

शिकाऊनं तिच्याकडे बघितलं, मग सगळ्यांकडे. मान थोडी खाली घातली. ओठांच्या कोपऱ्यात हसू आणलं.

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "मला कुठं चालवता येते?"

उस्तादांनी त्याला जवळ ओढून पाठ थोपटली. कुणीतरी "वा!" म्हणालं. एवढा अपमान होऊनही माणूस कसा नमून राहतो, हे बघून प्रत्येकाला भरून आलं.

मॅनेजरबाई नंतर तिच्याजवळ आल्या. हलक्या आवाजात, अगदी मायेनं म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुम्हाला सरळ विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, फारसं येत नाही. कालही सगळ्यांसमोर तेच म्हणालात. आज वेगळं म्हणताय. मी तुमचं कुठलं खरं मानू, सांगा ना?"

बाईंचं काही चुकलं नव्हतं. त्या बाहेरून आलेल्या होत्या. इथे शब्दाचा अर्थ बोलणारा बघून ठरवतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि रविवारी गाड्या धुवायच्या बरं का!" मागून कुणीतरी ओरडलं. नियम तो नियम.

रविवारी ती आली. येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं, म्हणून ती आली. शेड रिकामी होती. बादली, फडकं, साबणाचं पाणी घेऊन तिनं एका टोकापासून सुरुवात केली. कोण क्लच जाळतो, कोण चेनला तेल घालत नाही, कोण एकाच ब्रेकवर जगतो, गाडी धुताना मालकाची सगळी कुंडली कळते. शिकाऊच्या गाडीपाशी आल्यावर तिनं मागच्या टायरवरचा चिखल काढला. टायर मधोमध झिजून सपाट झालं होतं, कडा मात्र नव्या कोऱ्या. वळणावर हा माणूस गाडी कलवतच नव्हता. लाल पाटी साबणानं चकचकीत झाली.

काठी टेकत उस्ताद आत आले. ते तिच्यामागे उभे राहिले. त्यांनी शिकाऊचं टायर बघितलं, मग भिंतीशी लावलेल्या तिच्या गाडीचं. तिचं टायर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखं झिजलेलं होतं.

"तुम्ही म्हणायचात, टायर बघा," कासव वर न बघता म्हणाली.

"मी बघितलं होतं," उस्ताद म्हणाले. "आज नाही. तू आलीस त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच."

तिच्या हातातलं फडकं थांबलं.

"मग त्या दिवशी मॅडमसमोर हसला का नाहीत?"

"पोरं काय म्हणाली असती," उस्ताद म्हणाले. "बाईच्या हाताखाली... आणि तूच नाही म्हणालीस. मला बरंच वाटलं. सुटलो म्हटलं." मग घाईघाईनं खिशात हात घालून त्यांनी काहीतरी काढलं. लाल पाटी होती, नवी, मागचा कागदही न सोललेली. "आण तुझी गाडी. मी स्वतः लावतो. तुझा हक्क आहे गं तो."

कासव उठली. तिनं हात पुसले आणि पाटी घेतली. इतकी वर्षं तिनं ही पाटी स्वप्नात बघितली होती. हातात धरली तर हलकी होती, बाजारात कुठेही मिळते तसली. तिनं ती उलटीपालटी करून बघितली.

"आज इथं कुणी नाही, उस्ताद," ती म्हणाली. "उद्या पोरं येतील आणि माझ्या गाडीवर ही बघतील. काय म्हणतील सांगू? म्हणतील, बरं झालं, कासवाला अक्कल आली, शिकायला लागली."

तसंच म्हणतील, हे उस्तादांनाही माहीत होतं.

तिनं पाटी त्यांच्या हातात परत ठेवली, बादलीतलं घाण पाणी मोरीत ओतलं आणि नळ सोडला.

"जरा बाजूला सरका," ती म्हणाली. "तुमची गाडी राहिलीय धुवायची."